अकरावी टोपली

मधमाश्यांच्या गवती टोपल्या अकरा. दहांवर काळी फीत, एकीवर नाही. लोकर तोलायचा लोखंडी काटा एक. घराच्या दाराची किल्ली एक, वीतभर लांब.

आणि माणसं दोन.

निदान थॉमसिन मेटकाफने वजनांच्या वहीत तसं लिहून ठेवलंय. गुरुवार, १९ ऑक्टोबर १८१५. दुपारचे तीन. यॉर्कशरमधलं तिचं शेत.

ही घटना खरी आहे. वही आमच्याच घरात आहे, आणि तिच्यातलं एकही वजन आजवर चुकीचं निघालेलं नाही. मी ती शक्यतो उघडत नाही.

खोऱ्यातले लोक हिला प्रेमकथा म्हणतात. घायाळ कॅप्टन, मानी मुलगी... लोकांचं काय, लष्करी कोट दिसला की त्यांना प्रेम दिसतं.

कॅप्टन जर्वेस फॉस्डाइक हा साधासुधा हलकट होता. चार मुलींना त्याने आपल्या केसांची बट आठवण म्हणून दिली होती. पाचवी त्याने थॉमसिनपुढे धरली.

"ठेवा ती," थॉमसिन म्हणाली. "या वेगाने पुढच्या वर्षी टक्कल पडेल तुम्हाला."

तो मनापासून हसला. तिथेच घोळ झाला. त्या हसण्यावर ती भाळली, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

जुलैत वॉटर्लूच्या मृतांची यादी आली. यादीत त्याचं नाव होतं.

आमच्याकडे जवळचं कुणी गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. प्रत्येक टोपलीवर किल्लीने तीन टकटक, मेलेल्याचं नाव, आणि काळी फीत. थॉमसिनने दहा टोपल्यांना सांगितलं.

अकराव्या टोपलीपाशी तिचा हात उचललाच गेला नाही.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. म्हाताऱ्या मोलकरणीला, टॅबिथालासुद्धा नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तो दारात उभा राहिला. ओलाचिंब, मांडीत गोळीची जखम, हातात काठी. यादी चुकली असणार, सगळे म्हणाले. टॅबिथाने त्याचे कपडे वाळवले. थॉमसिनने सवयीने ते सगळं गाठोडं, बूट आणि काठीसकट, काट्यावर टाकलं. चौदा पौंड.

लग्न ठरलं. रविवार, २२ ऑक्टोबर.

पण शेतावरचं कुत्रं त्याच्यावर भुंकलं नाही.

शेपूटही हलवली नाही. त्याच्याकडे पाहिलंच नाही...

"बाईसाहेब," टॅबिथा एकदा हळूच म्हणाली, "कॅप्टनांचं ताट भरलेलंच परत येतं."

"नखरे आहेत त्यांचे."

"आणि जखमेची पट्टी मी रोज बदलते. धुवायला काहीच नसतं."

मग थॉमसिनही बघू लागली. थंडी पडली होती. बोलताना सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघायची.

त्याच्या निघत नव्हती.

त्या गुरुवारी ती हिवाळ्याआधी टोपल्या तोलत होती. तो काठी टेकत आला. आला तो थेट अकराव्या टोपलीपाशी.

"हिला सांगितलं नाहीस ना, थॉमसिन?"

तिच्या हातातली दोरी सुटली.

"काय सांगितलं नाही?"

"ते... जुलैतलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळत होतं. दहा वेळा कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं. अकराव्यांदा नाही झालं."

तो हसला. तेच हसणं. तिला किळस आली, आणि त्याला हात लावावासाही वाटला. दोन्ही एकाच वेळी.

"काट्यावर बसा," ती म्हणाली.

"बायका मला मांडीवर बसा म्हणतात."

"त्या बायकांकडे काटा नसतो. बसा."

तो काट्याच्या लटकत्या फळीवर बसला. तिने वजन दांडीवर सरकवलं. एकशे अडुसष्ट पौंड. धडधाकट माणसाइतकं.

"बघ," तो हळूच म्हणाला, "आहे की नाही मी?"

थॉमसिनने कमरेची किल्ली काढली.

त्याचं हसणं गेलं.

"रविवारपर्यंत थांब. लग्न होऊ दे, सोमवारी सांग माश्यांना."

"चार जणींना फसवलंत, तेव्हाही सोमवारचाच वायदा होता का?"

"तुला फसवलं नाही मी. परत आलो ना तुझ्याकडे?"

"जायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून आलात."

"एवढी एक टोपली राहू दे, थॉमसिन. काय जातं तुझं? नवरा मिळेल. मी कुठेही जाणार नाही. कुणाकडेही नाही... तुला हेच हवं होतं ना?"

हवं होतं. तेच तर वाईट होतं. गुलामासारखा बांधलेला, टोपलीतल्या माश्यांच्या गैरसमजावर जगणारा नवरा. तिला त्याच्यापेक्षा स्वतःचीच जास्त घृणा वाटली.

"माझ्या माश्यांशी मी कधी खोटं वागले नाही," ती म्हणाली. "एकदाच वागले. तेही तुमच्यासाठी."

ती काट्याकडे पाठ करून टोपलीपाशी गेली.

टक.

मागे फळी करकरली.

टक.

"थॉमसिन..."

टक.

"जर्वेस फॉस्डाइक वारले," ती म्हणाली.

टोपलीतली गुणगुण थांबली. मग बाकीच्या दहांतलीही.

मागून आवाज आला नाही.

फीत बांधायला तिला बराच वेळ लागला. मग ती वळली, वर न बघता काट्याशी आली, आणि दांडीवरचं वजन मागे सरकवू लागली. शंभर. सत्तर. चाळीस...

सरकवत राहिली.

दांडी आडवी झाली तिथे तिने आकडा वाचला, आणि वहीत लिहिला.

चौदा पौंड.