पांढरीचा नकाशा

भातकुलीपासून दोन कोसांवर एक पांढरी होती. म्हणजे कधीच्या काळी उजाड झालेल्या गावाचं, खचल्या घरांच्या मातीचं बुटकं टेकाड. खणण्याआधी सरकारला तिचा नकाशा हवा होता. म्हणून एकोणीसशे चौतीसच्या पौषात अमरावतीहून मोजणीदार शालिकराम आला. सोबत साखळी ओढणारा दाऊदभाई, वीस वर्षांपासूनचा जोडीदार.

टेकाडावर हरभरा होता. जमिनीखाली भिंत असली की वरचं रोप खुरटतं, पिवळं पडतं. त्या पिवळ्या रेघा शालिकराम तिपाईवरच्या फळ्यावर कागद ताणून उतरवू लागला. पहिल्या दिवशी सात घरं भरली. दुसऱ्या दिवशी पडताळा घेतला, तर नऊ.

शेताची मालकीण मनकर्णाबाई भाजी खुडायला यायची. तिनं कागदाकडे पाहिलंच नाही.

"रेघा नका ओढू, बाबू," ती म्हणाली. "ओढल्या का पक्क्या होतेत."

शालिकराम हसला. साखळी ताणली गेली असेल म्हणून त्यानं ती मापाच्या गजानं तपासली. कडी न् कडी बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाऊदभाई झेंडी घेऊन पलीकडच्या टोकाला गेला. परत बोलावलं, तर सरळ येईना. मोकळ्या हरभऱ्यात चार पावलं चाले, वळे, पुन्हा वळे. असा वाकडा काहून येतो, म्हणून शालिकरामानं ओरडून विचारलं.

"भिंती हायेत ना, बाबू."

मग दाऊदभाई थांबला. तळहात पुढं करून हवा चाचपू लागला. शालिकरामानं कागदावर जागा शोधली. मधली खोली. सकाळी तिला दार सोडल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. आता चारी बाजूंनी रेघ होती. पेन्सिल त्याचीच, हातही त्याचाच.

"दम कोंडून राह्यला, बाबू." आवाज जाड मातीपलीकडून यावा तसा आला.

शालिकरामानं रबर उचललं आणि पूर्वेकडची रेघ बोटभर पुसली.

दाऊदभाई तिथूनच बाहेर पडला. धडपडत आला, तिपाईजवळ बसला आणि पाणी मागितलं.

वारा नव्हता. तरी मागं, पुसलेल्या जागेवर, हरभरा दबला. पावलाएवढा.

मग त्याच्या पुढचा.

त्यामागून आणखी पावलं. काही लहान पोरांची.

शालिकरामानं घाईघाईनं रेघ पुन्हा ओढली. आतली पावलं थांबली.

बाहेर आलेली तिपाईशी येऊन पोचली होती.