तात्यांची पेटी आणि धन्वीचं कुलूप

"पेटी वाजवल्याने रक्तदाब वाढतो," असं जाहीर करून धन्वीने तात्यांची पेटी कपाटात घातली आणि वर कुलूपही ठोकलं. मृण्मयीने कपाळावर हात मारून घेतला. धन्वी म्हणजे त्यांच्या घरचा आरोग्य-रोबो. त्याचा धाक असा, की तात्या, म्हणजे तिचे आजोबा, नुसते कुलपाकडे बघत बसले. संध्याकाळी त्यांच्या भजनी मंडळाच्या पन्नाशीचा सोहळा होता आणि पेटीवर तेच बसणार होते.

"कशावरून रे?" मृण्मयी कडाडली.

"तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या नोंदी. पेटीवाल्या दहांपैकी सात जणांना रक्तदाब, टाळवाल्या दहांपैकी दोघांनाच. सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने आढळणं) पक्का आहे."

"पण एकीमुळे दुसरी घडते कशावरून?"

"बरोबरीने आढळतात म्हणून."

अरे देवा! सकाळपासून चौथ्यांदा त्याचं हेच तर्कट. तिने तात्यांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही पेटीवर कधीपासून?"

"गुडघे गेले तेव्हापासून. आमच्या मंडळांची रीतच आहे गं. पाय धड आहेत तोवर टाळ घेऊन नाचायचं, म्हातारपण आलं की पेटीवर बसायचं."

मृण्मयी ताडकन उठली. "ऐकलंस, शहाण्या? पेटीवाले म्हातारे, टाळवाले तरुण! वय वाढलं की रक्तदाबही वाढतो आणि पेटीही हातात येते. आता सत्तरीचे पेटीवाले आणि पेटीला कधी हातही न लावलेले सत्तरीचेच लोक, शेजारी शेजारी ठेवून बघ."

धन्वीचा दिवा बराच वेळ लुकलुकला. "दोन्हीकडे दहांपैकी सात. म्हणजे पेटीचा दोष नाही. कार्यकारणभाव (एकीमुळे दुसरी घडणं) मी उगाच गृहीत धरला. चुकलो."

कुलूप निघालं. तात्यांनी भाता हलवून एक सूर काढला आणि खुशीत ओरडले, "आज जेवताना चार पापड जास्त!"

"थांबा," धन्वी म्हणाला. "मिठाचंही तसंच तपासलं. एकाच वयाचे लोक घेतले तरी जास्त मीठ आणि कमी मीठ खाणाऱ्यांत फरक उरतोच. शिवाय ज्यांचं मीठ कमी करून पाहिलं, त्यांचा रक्तदाब खरोखर उतरला. पापड बंद. खारातली मिरचीसुद्धा."

तात्यांनी आशेने नातीकडे पाहिलं. तिने खूप शोधलं, पण या बोलण्यात खोट सापडेना. "या वेळी बरोबर बोलतोय मेला," असं पुटपुटत तिने मिरच्यांची बरणी त्याच कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळी तात्यांची पेटी अशी रंगली की लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. धन्वी मृण्मयीच्या कानाशी वाकला. "पेटीवाल्यांचे चेहरे जास्त आनंदी दिसतात. पेटीमुळेच की आणखी कशामुळे? आधी तपासू का?"

"तपास बाबा, तपास," ती म्हणाली आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसली.