सात राखाडी

भिंतीवर सात चौकोन होते. प्रत्येक तीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद. प्रत्येकाला रंगाचे दोन हात, दोन हातांमध्ये चार तास. खाली पेन्सिलीने क्रमांक. उरलेली भिंत जुनी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. सातही डब्यांतला रंग राखाडी होता आणि भिंतीवर सातही चौकोन जांभळे दिसत होते.

शुक्रवार सकाळ. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते दादाकडून रविवारी घरी येणार होते. "ती पिवळी भिंत डोळ्यांत घुसते गं," फोनवर ते इतकंच म्हणाले होते. माझ्याकडे त्यांनी आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. रंगारीकाकांना फक्त शनिवार मोकळा होता.

मी सातवा डबा उचलला आणि चौकातल्या रंगाच्या दुकानात गेले.

रंग मिसळायच्या यंत्रामागे तो दुकानदार उभा होता. त्याच्या बाहीवर कायम कसला तरी ठिपका असतो; आज हिरवा होता.

"आलात? बसा. खुर्ची पुसून ठेवलीय."

"बसायला नाही, भांडायला आलेय."

"ते बसूनही करता येतं."

मी डबा काउंटरवर आदळला. "रंगाचं नाव 'ओला दगड' म्हणे! हा दगड आहे? हे वांगं आहे!"

"परवा 'धुकं' आणलंत, त्याला जांभूळ म्हणालात. घरात मंडई भरलीय तुमच्या."

"हसू नका. यंत्र बिघडलंय तुमचं."

"यंत्र ठीक आहे."

"मग डोळे बिघडलेत."

"ते मात्र..." तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आठवडा झाला."

माझे कान तापले — रागानेच. तेवढ्यात डब्याच्या झाकणावर लक्ष गेलं. त्यावर मार्करने लिहिलं होतं — 'जांभळ्या बाई'.

"हे काय?"

"गिऱ्हाइकाचं नाव लिहावं लागतं. तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

"चला माझ्याबरोबर. आत्ता. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग विनोद करा."

त्याचं हसू मावळलं. "आत्ता?"

"का, घाबरलात?"

"हो," तो म्हणाला. मग यंत्रामागून त्याने एक मोठा पांढरा पुठ्ठा काढला आणि मुकाट्याने माझ्यामागे निघाला.

खोलीत आल्यावर त्याने चौकोनांकडे पाहिलंच नाही, पिवळ्या भिंतीकडे पाहिलं. पुठ्ठ्याच्या मधोमध चौकोनी भोक कापलेलं होतं. ते त्याने तीन नंबरवर धरलं. आजूबाजूचा पिवळा झाकला गेला. भोकात राखाडी रंग होता. स्वच्छ, शांत राखाडी. मग चार. मग पाच. सगळे राखाडी.

"पिवळ्याच्या शेजारी राखाडी ठेवला की जांभळा भासतो," तो हळूच म्हणाला. "आख्खी भिंत रंगवली की भासणार नाही."

पाण्याच्या नमुन्यांचा रंग मोजणं हे माझं काम आहे. रोज सकाळी यंत्रात आधी कोरा नमुना, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी, लावते, मगच बाकीचे. आणि घरी मात्र सातही रंग सरळ पिवळ्यावर फासले होते. स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग पुठ्ठ्याच्या कडा दिसल्या. हाताळून मळलेल्या होत्या.

"हा कधी कापलात?"

त्याने पुठ्ठा पाठीमागे घेतला.

"कधी?"

"गेल्या रविवारी. तिसऱ्या डब्याच्या वेळी तुम्ही फोनवर फोटो दाखवलात ना... त्यात भिंत पिवळी दिसली."

"म्हणजे माहीत होतं! तरी पुढचे चार डबे ढवळून दिलेत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसतात."

हे ऐकून एखादी विरघळली असती. माझं डोकं फिरलं.

"गोड वाटतंय तुम्हाला हे? परवा माझे बाबा येतायत, डोळ्याचं ऑपरेशन होऊन! त्यांना एक शांत भिंत द्यायचीय मला. चार दिवस या भिंतीसमोर बसून मी स्वतःला शिव्या घालतेय. आणि तुम्ही पुठ्ठे कापत बसलात!"

"बाबांचं मला माहीत नव्हतं."

"विचारलंत कधी?"

"नाही." तो खाली बघत म्हणाला, "चुकलंच माझं."

त्याने एखादी सबब दिली असती तर भांडता आलं असतं. त्याचाही राग आला.

"कुठला लावू?" मी विचारलं.

"तीन. खिडकी उत्तरेला आहे. बाकीचे संध्याकाळी काळवंडतील."

बरोबर होतं त्याचं. त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

शनिवारी रंगारीकाकांबरोबर तोही आला, दुकान बंद ठेवून. दिवसभरात मी त्याच्याशी दोनच शब्द बोलले — "कोपरा राहिलाय." दुपारी त्याने खिडकीत उघडी पडलेली, या रंगांच्या फेऱ्यांची माझी नोंदवही वाचली.

"दुकानात किती वेळ थांबलात, तेही लिहिता?"

"मी सगळंच लिहिते."

"पहिली फेरी सहा मिनिटं. सातवी बेचाळीस." तो ब्रश पुसत राहिला. "डबा ढवळायला चार मिनिटं लागतात. बाकीची अडतीस कुठे गेली?"

"भांडण्यात."

"रोज वाढतच गेलं की भांडण..."

"वही बंद करा," मी म्हणाले. हे सगळे मोजले तर सात शब्द जास्त झाले.

रविवारी बाबांनी काळा चष्मा काढला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"शांत आहे गं," ते म्हणाले. मग बारीक डोळे करून, "त्या कोपऱ्यातली रेघ कुणी वाकडी मारली?"

"एका मूर्ख माणसाने."

"फार रागावलीयस त्याच्यावर?"

"खूप."

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं ना."

"सगळं?"

मी खिडकीतली नोंदवही उचलली.

सोमवारची नोंद अशी आहे. फेरी: नववी. डबा: नाही. तक्रार: नाही. दुकानातला वेळ: एक तास बावन्न मिनिटं.