चार बोटांचे ठसे

वेल्डरचं दुकान शोधत तो चुकीच्या दारात, तिच्या मामाच्या वर्कशॉपमध्ये शिरला. काखेत व्हॅनच्या इंजिनातल्या टर्बोचं लोखंडी कवच, नाकावर काजळी.

"वेल्डर शेजारी," ती म्हणाली. "पण याच्या आचेनं आसपासच्या वायरी वितळतायत ना? मग काम आमचं. लेप देऊन भट्टीत भाजलं की उष्णता आतच राहते."

"बरं झालं चुकलो," तो म्हणाला.

व्हॅनवाला दुसऱ्या दिवशीही आला – उगाचच. वाळूच्या फवाऱ्यानं ती ते कवच लख्ख करत होती. त्यानं चहाचा कप पुढे केला, तिनं हातमोजा काढला. बोटाला बोट लागलं... आणि मग कवचही तिनं तशाच उघड्या हातानं उचललं. मामाच्या वर्कशॉपमध्ये याहून मोठा गुन्हा नव्हता. हाताचा तेलकटपणा लागला की तिथे लेप धरत नाही.

काही दिवसांनी तो कवच घेऊन परत आला. लेपाचे पोपडे निघाले होते, नेमके चार बोटांच्या आकाराचे.

"उघडा हात कुणी लावला?" मामा कडाडला.

"यांनीच लावला असेल," ती बोलून गेली. "सारखे इथे घुटमळत होते."

त्यानं ठशांकडे पाहिलं, मग तिच्या बारीक बोटांकडे. "हो... माझीच चूक," म्हणाला आणि कवच ठेवून निघून गेला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या भल्या माणसावर आपण खापर फोडलं, याची तिला इतकी लाज वाटली की स्वतःचा हात बघवेना. सकाळी तिनं मामाला खरं सांगून टाकलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसतं "बोलव त्याला" म्हणाला.

व्हॅनवाला आला. तिची मान वर होईना.

"हात माझा होता. तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"हातमोजा कशामुळे निघाला?"

"चहामुळे."

"चहा कुणी आणला?"

"म्हणून खोटं बोलायचं?"

"तुमचं नाव घेतलं असतं, तर पुन्हा इथे यायला तोंड उरलं नसतं." तो घुटमळला. "आणि मला यायचंय... रोज."

दोन्ही हातमोजे चढवून तिनं कवच पुन्हा घासायला घेतलं. त्यानं कप पुढे केला.

"आता नाही – हात अडकलेत."

"मी धरतो. तुम्ही प्या."

कोपऱ्यात मामा खोकला. तिनं मान वाकवून एक घोट घेतला आणि कानापर्यंत लाल झाली.

"भट्टी फार तापलीय का?" व्हॅनवाल्यानं हळूच विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण एकदा दुसऱ्यावर ढकलून झालं होतं.

"भट्टी अजून पेटवलीच नाही," ती म्हणाली.