शेवटच्या वर्षाची मुलगी

विद्यापीठाची माहितीपुस्तिका सोळा वर्षं मीच लिहितोय. बासष्ट विभाग, एकतीस इमारती, चाळीस हजारांच्या वर विद्यार्थी. कोणती खोली कुठे, हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणून चुकलेमाकले पालक माझ्याच टेबलाशी येतात.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक शिंपी आले. पन्नाशीचे, काखेत कागदात गुंडाळलेला नवा कोट.

"मुलीला द्यायचाय. शेवटच्या वर्षाला आहे. विभागाचं नाव काही लक्षात राहत नाही बघा, साहेब."

मी त्यांच्याकडून मुलीचं नाव आणि घरचा फोन नंबर लिहून घेतला. नाव एकाही विभागाच्या यादीत नव्हतं. मनात पाल चुकचुकली. घरून शिकायला म्हणून निघालेली आणि वर्गाचं तोंडही न पाहिलेली मुलं मला नवी नव्हती. पण बापाला सांगणं जिवावर आलं. "चला, विचारू," म्हटलं.

ग्रंथालयातल्या बाईंनी शिंप्यांनी खिशातून काढलेला मुलीचा फोटो पाहिला. "ही होय? आत्ताच उठून गेली की."

मी त्यांनी दाखवलेल्या खुर्चीला हात लावला. अजून गरम होती.

कॅन्टीनवाला म्हणाला, "आत्ताच. चहा अर्धा टाकून." कपातून वाफ निघत होती.

यादीत नसलेली मुलगी सगळ्यांना ठाऊक कशी? ही मंडळी माझी फिरकी घेताहेत का? मी शिंप्यांकडे पाहिलं. त्यांना जरासुद्धा नवल वाटलेलं नव्हतं. "पुढे असेल," म्हणत ते चालू लागले आणि भूगोलाच्या इमारतीकडे जाणाऱ्या आडवाटेला वळले. ती वाट आमच्या शिपायांनाही माहीत नाही.

आता मला मुलीचा नाही, त्यांचाच संशय येऊ लागला.

वरच्या मजल्यावर ते एकेका वर्गात डोकावत होते. तेवढ्यात मी हळूच त्यांच्या घरचा नंबर फिरवला. एका बाईनं उचलला. मी मुलीचं नाव घेतलं.

"मीच. बोला."

"तुमचे वडील इथे विद्यापीठात तुम्हाला शोधताहेत."

"मला पास होऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या वर्षाला असताना बाबा मला कोट द्यायला म्हणून तिकडे गेले, ते परत आलेच नाहीत. खूप थकलेत का हो?"

"नाही. पन्नाशीचे असतील."

"तेव्हाही पन्नाशीचेच होते."

मी वळलो. शिंपी जिन्यात उभे होते, चार पायऱ्या वर.

"चला ना, साहेब. वरच्या वर्गात आहे."

"तुमची मुलगी फोनवर आहे," मी फोन पुढे धरला.

त्यांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली. "ती वर आहे."

ते चढू लागले. मी जागचा हललो नाही. माझ्या हातातला फोन "बाबा, बाबा" म्हणत होता.

एक वळण. दुसरं. तिसरं.

त्या इमारतीला तळमजल्यावर एकच मजला आहे, आम्ही उभे होतो तोच. त्याच्या वर छप्पर.

मुलगी संध्याकाळी पोचली. जिथे त्या पायऱ्या होत्या, तिथे कोरी भिंत होती. आम्ही दोघं भिंतीला कान लावून उभे राहिलो.

पावलं अजून चढत होती. फार उंचावर, अगदी बारीक.