कणकेची कडी

माझ्या डाव्या हाताला आता तीनच नखं आहेत.

वाचलं असेल तर विसरा. तसं काही झालेलं नाही. हात उत्तम आहे. हातमोजा मी हौसेनं घालतो, जेवतानासुद्धा.

खरं घडलं ते एवढंच. सतरा मे १९५९, रविवार, दुपारचे तीन. मुळशी धरणाच्या काठी आमच्या बालवीर पथकाचं शिबिर होतं.

शेवटच्या दिवशी अदलाबदल असते. स्कार्फ गळ्यात अडकवायची कडी प्रत्येकानं हातानं बनवायची, दुसऱ्याला द्यायची, त्याची घ्यायची. मग बालवीरांच्या रीतीनं डावा हात मिळवायचा. हात मिळवला की माल परत नाही. ज्याची कडी कुणी घेत नाही, तो कढई घासतो.

आमचा टोळीनायक जयसिंग. त्यानं बांबूवर वाघ कोरला होता. मी स्वयंपाकातून कणकेचा गोळा उचलला, कडी वळली आणि उन्हात वाळवली.

"मुंग्या लागल्यात," जयसिंग म्हणाला.

"नक्षी आहे ती."

कुणी घेतली नाही.

कढई घेऊन पाण्याकडे गेलो, तर काठावर एक मुलगा बसला होता. खाकी चड्डी, आमचाच स्कार्फ.

दगडाला चटका बसेल असं ऊन. आणि तो... गळत होता.

मागचा पोरांचा गलका ऐकू येईनासा झाला...

त्यानं माझ्या कडीकडे बघितलं. स्वतःची पुढे केली. केसांची वेणी घालून केलेली, सुबक. तिच्यात पाच खोबणी... रिकाम्या.

वेणीतल्या केसांच्या मुळाशी पांढरं काहीतरी होतं. भाताचं शीत असेल, म्हटलं.

शीत हलत नाही.

पण कढई टळत होती. मी डावा हात पुढे केला.

त्यानं हात मागे घेतला... कातडी माझ्या तळहातावरच राहिली. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी. कोमट.

माझी कडी त्यानं तोंडात टाकली. मुंग्यांसकट. चावली नाही... गिळली.

मग तिथे नुसता ओला दगड.

मागे लाकडं आणणारी कोंडाबाई उभी होती. डोक्यावरची मोळी तिनं खाली टाकली.

"काय दिलंस त्याला?"

"कणकेची कडी, मावशी."

"पान्याकाठी? कनीक? आरं, पिंड दिलास की रं."

"तो मेलाय हे मला काय माहीत?"

"गेल्या साली तुमच्यातलंच पोर बुडालं हितं. घावलं न्हाई. त्याचं कुनी आलं न्हाई." तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "आता तू हायेस. दर अवसेला वाट बघंल त्यो."

कढई शेवटी मीच घासली.

केसांची ती कडी तीनदा फेकली. तिन्ही वेळा उशीखाली सापडली... ओली.

जूनच्या अमावस्येला आईकडे कणीक मागितली. ती म्हणाली, पोळी खा. सकाळी पहिल्या खोबणीत माझ्या करंगळीचं नख होतं. धुतलेलं. मापात बसलेलं.

जुलैला मी स्वतः कणीक मळून खिडकीत ठेवली. सकाळी ती खाल्लेली होती.

नखही नेलं होतं. बहुधा मुंग्या नव्हत्या म्हणून.

आता खोबणी तीन उरल्यात. रात्री कडी बोटाला लावून बघतो... अंगठ्याचं मापही बरोबर आहे.

मा. शिबिरप्रमुख यांस,

सविनय विनंती की, दिनांक १७ मे रोजीची अदलाबदल रद्द समजण्यात यावी, व सदर मुलगा माझा कोणी लागत नाही असा दाखला येत्या अमावस्येपूर्वी मिळावा. दाखला घेऊन येणाऱ्यानं कृपया हात मिळवू नये.