उजवा हातमोजा

अंधार पडल्यावर कोठारात मक्याची कणसं सोलता सोलता टोबायसकाकांनी पोरांना ही हकीकत सांगितली. आयोवात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या ऑरिन फेस्लरची. खरी, निदान त्यांना तरी खरी वाटलेली.

१९११च्या सप्टेंबरातला शेवटचा शनिवार. ऑरिनकडे काम साधंच होतं. घोडागाडीतून एक शवपेटी रात्रीच्या आगगाडीवर पोहोचवायची. दुपारी जत्रेत विमान उडवून दाखवणारा लिएंडर क्विगली सगळ्यांदेखत विमानासकट कोसळून मेला होता. लोक कुंपण मोडून धावले, पण त्याला उचलायला नव्हे. आठवण म्हणून कुणी पंखाचं कापड फाडलं, कुणी लाकडाची ढलपी काढली. डॉक्टरला आत शिरायला वाट मिळेना.

गाडीत ऑरिनच्या शेजारी क्विगलीची बायको बसली होती. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, “भाऊ, त्यांचा उजवा हातमोजा सापडत नाहीये. मी शिवलेला. हात फार गारठायचे त्यांचे. तो घालूनच पुरायचंय त्यांना. कुणी नेला, पाहिलंत का?”

“गर्दीत काय कळतंय, बाई. आमच्या पाद्रीबुवांच्या खिशातसुद्धा विमानाची तार होती.”

“प्रार्थना मात्र छान म्हटली त्यांनी,” ती म्हणाली.

हातमोजा ऑरिनच्याच कोटात होता. द्यावासा वाटला. पण दिला तर ती विचारणार, कधी काढलात? आणि तो ओढून काढताना आतली बोटं आवळली होती... माणूस तेव्हा जिवंत होता. ऑरिनने कोटाची बटणं लावून घेतली.

आगगाडी गेली. ऑरिन रिकामी गाडी घेऊन परत निघाला. ओढ्यापाशी घोडा थांबला. हलेना. वारा नव्हता. एरंडेलाचा वास आला. विमानाच्या इंजिनात तेच तेल घालत. हातमोजा ओढ्यात फेकून द्यावा म्हणून ऑरिनने खिशात हात घातला.

हातमोजा रिकामा नव्हता.

आत बोटं होती. गार. त्याने हात ओढला... बोटं आवळली.

काका थांबले. कणीस हातातच राहिलं.

“मग?” एका पोराने विचारलं.

“मग काय. पहाटे घरी आला. खिसा रिकामा. बायकोने खोदून खोदून विचारलं... एक शब्द नाही. म्हातारा होऊन अंथरुणातच गेला. मरायच्या आदल्या रात्री मला एकट्याला हे सगळं सांगितलं. शेवटची अंघोळ मी घातली. उजव्या मनगटावर चार बोटं उमटलेली. काळी.”

“जुना डाग असेल, काका.”

“मलाही तसंच वाटलं. फडक्याने पुसून पाहिला.”

“आणि?”

काकांनी कणीस टोपलीत टाकलं.

“एरंडेल होतं. ताजं.”